प्रति: हीटर होजचा प्लास्टिक एल्बो तुटला, एम-सील चालेल का?

त्या एल्बोला, म्हणजे हीटरच्या नळीच्या वाकड्या जोडाला, एम-सील लावायचा मोह मलाही झाला होता. दोन दिवस टिकलं. कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) ९० अंशांच्या आसपास तापतं, वर रेडिएटर कॅपमुळे साधारण १ बारचा दाब. त्यापुढे ठिगळ किती तग धरणार? नवाच घ्या. एल्बो मेकॅनिकच्या हातून तुटला असेल, तरी त्याच्यावर चिडू नका. हे नायलॉन रोज तापून-गार होऊन खारीसारखं ठिसूळ होतं, हात लागला की गेलं.

खरी डोकेदुखी म्हणजे इंजिनाच्या भोकात अडकलेला एल्बोचा तुटका शेंडा. ड्रिल अजिबात लावू नका. भोकाच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवी ओ-रिंगही (जोड घट्ट बंद करणारी रबरी कडी) गळणार. मी आधी भोकात चिंधी कोंबली, नाहीतर कपचे थेट इंजिनात. मग हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने प्लास्टिकला आतून दोन चिरा दिल्या, बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो आत दुमडला आणि नोज प्लायरने ओढला. तासभर गेला. (चिंधी काढायची विसरू नका. हसू नका, विसरलेले पाहिलेत.)

ओ-रिंगला ग्रीस नको, ईपीडीएम रबर पेट्रोलियम ग्रीसने फुगतं. थोडं कूलंटच चोळा.

जीएमच्या ३८०० व्ही६ इंजिनाचे असलेच प्लास्टिक एल्बो इतके बदनाम झाले, की अ‍ॅल्युमिनियमचे बाजारात आले. तुमच्या गाडीसाठी धातूचा मिळाला तर तोच बसवा.

कूलंट परत भरून त्यातली हवा काढताना हीटर फुल गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन चालू द्या. कूलंटची पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर परत बघा; माझी अर्धा लिटर उतरली होती.