थोडक्यात हरलेली मॅच: संघ जोखताना धरायची की सोडायची?

फोंड्याचा पॉइंट गार्ड: मला आणि माझ्या चुलतभावाला अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचं वेड. मार्चमध्ये घरातले दोघांनाही शिव्या घालतात. भांडण एकच: एनसीएएच्या (तिथली कॉलेज खेळांची संघटना) मार्चमधल्या स्पर्धेत ६८ संघांत कोणाला घ्यायचं, वर कोणाला ठेवायचं, हे ठरवताना थोडक्यात हरलेले सामने माफ करावेत का? तो ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ पुढे करतो. २०२४-२५ मध्ये ३५ जिंकले, ५ हरले. पाचांतला एकही पाच गुणांहून जास्त फरकाने नाही, तीन तर ओव्हरटाइममध्ये, म्हणजे चाळीस मिनिटांत बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळात. त्यांतली शेवटची हार म्हणजे फायनल, फ्लोरिडाकडून ६५-६३. मी म्हणतो, हरले ते हरले. तुम्ही सांगा.

माशेलकर: हरले ते हरले. चषक फ्लोरिडाकडे गेला ना?

टेबलावरचा म्हापसेकर: एवढ्यावर नाही हो मिटत. मी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना स्कोअरशीट लिहीत आलोय, गुणांच्या फरकावर माझा भरवसा कमीच. शेवटचं मिनिट बघा. तीनने मागे असलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. समोरचा दोन्ही फ्री थ्रो (एकेक गुणाचे) घालतो, इकडची घाईतली थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) रिंगला लागून बाहेर, परत फाउल. शीटवर सातचा फरक, मॅच मात्र अगदी अटीतटीची. उलट पंधराने मागे असलेले, समोरचे राखीव खेळाडू उतरले की तीन-चार थ्री घालतात आणि ‘थोडक्यात गेली’ म्हणत बसमध्ये चढतात.

एनसीएएचंही यात मागेपुढे झालंय. संघांची क्रमवारी लावायच्या जुन्या आरपीआय पद्धतीला फरक कळतच नव्हता; कोण जिंकलं, समोर कोण होतं आणि पुढे पुढे कोर्ट कोणाचं, एवढंच. २०१८ मध्ये तिच्या जागी नेट रँकिंग आलं, त्यात फरक धरायचे, पण दहापर्यंतच. २०२० मध्ये तोही काढला. तरी दर पझेशनमागे (चेंडू ताब्यात आला की दर वेळी) किती गुण केले, किती दिले हा हिशेब आहेच, म्हणजे फरक मागच्या दाराने आत.

माझ्या मते ताकद ओळखायला फरक बघा, जागा द्यायला निकाल. निकालातही समोर कोण आणि कोर्ट कोणाचं ते बघा. घरी नेटमधल्या पहिल्या ३० मधला संघ आणि त्यांच्या गावात पहिल्या ७५ मधला, दोन्ही क्वाड्रंट एकमध्येच, म्हणजे सगळ्यात कठीण सामन्यांच्या गटात मोडतात, ते उगीच नाही.

आणि भावाला विचारा, थोडक्यात हरलेलं माफ, मग थोडक्यात जिंकलेलं वजा करणार का? सेमीफायनलला ड्यूकविरुद्ध एक मिनिट उरलं तेव्हा हेच ह्यूस्टन सहाने मागे होतं. जिंकले ७०-६७. ती सोडायची?

फोंड्याचा पॉइंट गार्ड: सर, ती मॅच आम्ही रविवारी सकाळी पातळभाजी निवत ठेवून बघितली! सगळ्यात जास्त ओरडला तोच. आता धरतो त्याला.

चुलतभाऊ: मीच तो. ड्यूकचं मान्य, सर. पण ओव्हरटाइमच्या तीन मॅचेसचं काय? चाळीस मिनिटं कोणीच हरलं नव्हतं.

टेबलावरचा म्हापसेकर: ताकद मोजताना बरोबरीत धर, माझी हरकत नाही. सीडिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेतला क्रम लावताना, नको. आणि बाबा रे, त्या वर्षी त्यांना पहिलं सीड मिळालंच होतं. मग तुझी तक्रार नक्की काय आहे?