मदत हवी आहे: फवारणीचं औषध पोटात न जाताही बाधतं कसं?

कपाशीवाला:
शेतकरी गटासाठी फवारणीचं माहितीपत्रक करतोय. औषध प्रोफेनोफॉस ५०% ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात मिसळून फवारायचं), डब्यावर पिवळा त्रिकोण. लाल नाही म्हणजे जरा निर्धास्त, असं लिहिलं तर चालेल का? आणि बाधा झालीच तर लिंबूपाणी, दूध वगैरे?

निंबोळी:
निर्धास्त हा शब्द आधी काढा. त्रिकोणाचा रंग एलडी-५० वरून ठरतो, म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील तो डोस. तोंडावाटे लाल १ ते ५०, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५००० मिलिग्रॅम दर किलो वजनाला, त्यापुढे हिरवा. ही सुरक्षित मर्यादा नव्हे.

शिवाय फवारणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून. याच ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या पॅराथिऑनची माणसांवर मोजणी झाली आहे: कोपर ते मनगट या भागातून सुमारे ९%, कपाळातून ३६%, काखेतून ६४%, जांघेत अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच शोषलं गेलं. आता गळका पाठपंप नेमका कुठे ओघळतो ते बघा: पाठ, कंबर, जांघ. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारणीतून विषबाधा झाल्या तेव्हा कपाशी डोक्याच्या वर गेली होती, तुषार थेट तोंडावर येत होते. पत्रकात मास्कआधी पंपाचा वॉशर बदला हे लिहा.

विषवैद्य:
शरीरात काय होतं ते मी सांगतो. नसेचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन काम झालं की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते मोडतं. ऑर्गनोफॉस्फेट त्या एन्झाइमलाच चिकटतं. निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर, स्नायू फडफडणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उन्हामुळे झालं असेल म्हणून सावलीत बसवून ठेवतात, तिथेच वेळ जातो. ऊन लागलेल्याची बाहुली सहसा अशी आकसत नाही, तोंडाला लाळही सुटत नाही.

लिंबूपाणी, दूध, मिठाचं पाणी काहीच नको. उलटी काढू नका. ईसीमधला द्रावक फुप्फुसात गेला तर दुसरं संकट. हातमोजे घालून सगळे कपडे काढा, साबणाने केस, नखं, जांघा धुवा. चामड्याचा पट्टा-चप्पल टाकून द्या, औषध त्यात मुरतं. डाव्या कुशीवर ठेवा, १०८ लावा, लेबलचा फोटो सोबत न्या.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध दर ५ मिनिटांनी दुप्पट करत छाती कोरडी होईपर्यंत देतात. बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नसतं. त्याने स्नायूंचा दुबळेपणा मात्र जात नाही.

कपाशीवाला:
बरं वाटलं की लगेच घरी आणायचं का?

विषवैद्य:
नाही. २४ ते ९६ तासांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा, व्हेंटिलेटर लागू शकतो.

निंबोळी:
सायपरमेथ्रीन हे दुसऱ्या गटातलं कीटकनाशक मिसळलेलं असेल तर तेही लेबलसकट सांगा. त्याने चेहऱ्याला मुंग्या येतात, आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही.