मदत हवी आहे: हाडावरचे लाल तुरे, नुसत्या व्हिडिओवरून नाव लिहावं का?

मंडळी, खोल समुद्रतळाचे रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीने टिपलेले व्हिडिओ पाहून प्राण्यांची नोंद करायचं काम मी सध्या करतोय. एका तुकड्यात देवमाशाचा मणका दिसतो आणि त्यावर बारीक लाल तुरे डोलताहेत. पाणबुडी जवळ आली की झटकन आत ओढले जातात.

मला हे हाडं खाणारे ओसेडॅक्स किडे वाटतात. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे 2,900 मीटर खोलीवर ते पहिल्यांदा सापडले. तोंड नाही, आतडं नाही. मुळांसारखे भाग आम्ल सोडून हाडात शिरतात आणि त्या मुळांमधल्या जीवाणूंच्या जोरावर किडा जगतो. बहुतेक जातींत दिसते ती मादीच, सूक्ष्म नर तिच्या नळीत राहतात! हे वाचल्यापासून तो तुकडा कितीदा पाहिलाय.

अडचण अशी की हाडाचा नमुना वर आणलेलाच नाही. डीएनएशिवाय जात सांगता येईल का, की फक्त ‘ओसेडॅक्स’ लिहून थांबावं? मापासाठी ठरावीक अंतरावर पडणारे लेझरचे दोन ठिपके आहेत, पण हाड तिरपं पडलंय. मग तुऱ्यांची लांबी कशी काढायची? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा. चुकीचं नाव एकदा नोंदीत गेलं की पुढे तेच फिरत राहतं, म्हणून घाई करवत नाही.