शेक्सपिअरने आपली नाटके स्वतः का छापली नाहीत?

प्रश्न: ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य शेक्सपिअरने १५९३ मध्ये अर्पणपत्रिकेखाली स्वतःचे नाव घालून प्रसिद्ध केले. मग नाटकांच्या छपाईबाबत तो इतका उदासीन कसा?

प्रतिसाद १: उदासीन म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी नाटकाची संहिता लेखकाची नव्हे, तर नाटक मंडळीची मालमत्ता असे. शिवाय ते काव्य निघाले तेव्हा प्लेगमुळे लंडनमधील नाट्यगृहेच बंद होती.

प्रतिसाद २: छापील प्रती निघत, पण कशा? १६०३ च्या ‘हॅम्लेट’मधील विख्यात स्वगतात ‘दॅट इज द क्वेश्चन’च्या जागी चक्क ‘देअर्ज द पॉइंट’ आहे!

प्रतिसाद ३: १६१६ च्या मृत्युपत्रात त्याने हेमिंग्ज, बर्बेज आणि काँडेल या सहकारी नटांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. यांपैकी हेमिंग्ज आणि काँडेल यांनीच १६२३ मध्ये ३६ नाटकांचा संग्रह सिद्ध केला, आणि त्यातील ‘मॅकबेथ’, ‘ज्युलियस सीझर’, ‘द टेम्पेस्ट’ यांसह १८ नाटके तोवर छापलीच गेली नव्हती.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बर्बेज १६१९ मध्येच वारला, म्हणून संग्रहाच्या संपादकांत त्याचे नाव दिसत नाही, हेही आता उलगडले.