मानसशास्त्राचे मूळ तत्त्वज्ञानात की शरीरक्रियाशास्त्रात?

प्रश्न (खानापूर, बी.ए. प्रथम वर्ष): १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र जन्मले, एवढेच आमच्या टिपणांत आहे. त्याआधीचे धागे कोणी उलगडून सांगेल का?

उत्तर (बेळगाव, निवृत्त प्राध्यापक): प्रश्न तत्त्वज्ञानाचे, मोजमापाची रीत शरीरक्रियाशास्त्राची. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मन आणि शरीर वेगळे मानले. जर्मन तत्त्वज्ञ कांटने तर १७८६ मध्ये, मनोव्यापारांना गणित लागू पडत नसल्याने मानसशास्त्र खरे विज्ञान होणारच नाही, असे ठामपणे लिहिले. पुढे १८५० मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर, म्हणजे आपल्या पुणे रोडवरच्या भरधाव गाडीएवढाच, निघाला!

उत्तर (निपाणी): वेबर आणि फेख्नर या जर्मन संशोधकांना वगळू नये. तळहातावर अर्धा किलो गूळ असताना पाच ग्रॅमची भर कळत नाही, पन्नास ग्रॅमची कळते. पाच किलो असतील तर मात्र तीही कळत नाही, कारण जाणवणारा फरक मूळ वजनाच्या प्रमाणात असतो. वेबर यांच्या या निरीक्षणाला फेख्नर यांनी १८६० मध्ये गणिती सूत्राचे रूप दिले. कांटच्या आक्षेपाला याहून थेट उत्तर मला तरी दिसत नाही.

उत्तर (बेळगाव): सहमत. वुंट हे शिक्षणाने डॉक्टर, हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ यांचे सहायक, आणि लाइपझिगला प्राध्यापक मात्र तत्त्वज्ञानाचे.