मदत हवी आहे: गावाचा नकाशा सगळ्यांनी मिळून केला, आता एका वस्तीला तीन नावं

रानवाट:
घाईत लिहितोय. सुट्टीत गावातली बारा-पंधरा पोरं मोबाइल घेऊन फिरवली. विहिरी, पाणंद, वस्त्या, सगळं टाकलं. आता ओढ्याकडची एकच वस्ती तीनदा दिसते: शिंदेवस्ती, खालची वस्ती, माळवाडी. आज सुधारलं की उद्या कुणीतरी परत बदलतं. सगळं पुसून नव्याने करू का? रविवारी ग्रामसभेत दाखवायचंय.

बाभूळकाटा:
कुठल्या नकाशावर? गूगलच्या की ओपनस्ट्रीटमॅपच्या?

रानवाट:
ओपनस्ट्रीटमॅप, कुणालाही बदलता येतो तोच. लिहायचं राहिलं.

जुनाखलाशी:
लोकांवर सोडलं की हेच होणार. २०१६ला ब्रिटनमध्ये संशोधन जहाजाला नाव सुचवायला सांगितलं, तर 'बोटी मॅकबोटफेस' पहिलं आलं! जहाजाला शेवटी डेव्हिड ॲटनबरोंचं नाव दिलं आणि बोटी गेलं त्यावरच्या छोट्या पाणबुडीला. नावं एकानेच ठरवावीत.

गणितमास्तर:
१९०६ला इंग्लंडात प्लिमथच्या जत्रेत लोकांनी बैलाच्या मांसाचं वजन ओळखायचं होतं. गॅल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या, मधला अंदाज खऱ्या वजनाच्या एका टक्क्याच्या आत निघाला. प्रत्येकाने आपापला अंदाज लिहिला, म्हणून जमलं.

बाभूळकाटा:
मास्तर, वस्तीच्या नावाचा मध्य कसा काढणार? शिंदेमाळखालची?

चार्जर_हरवला:
फोनचं बॅटरी सेव्हर बंद करा, जीपीएस भरकटतं.

रानवाट:
अहो, जागा बरोबर आहे. नावाचं बोला.

बाभूळकाटा:
पुसू नका, विहिरींची मेहनतही जाईल. सर्वात जुना बिंदू ठेवा, बाकीचे दोन काढा. तिथे राहणारे म्हणतात ते 'नेम' या रकान्यामध्ये, दुसरं प्रचलित नाव 'ऑल्ट नेम'मध्ये. कोण बदलतंय ते बिंदूच्या बदलांच्या इतिहासात दिसतं, त्याच्या चेंजसेटखाली, म्हणजे त्याने जतन केलेल्या बदलांच्या नोंदीखाली, सरळ विचारा. हैतीत २०१०च्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते काढले, मदत पथकांना तो नकाशा कामी आला. पण चित्रात नाव दिसत नाही, ते तिथल्यालाच विचारावं लागतं. आणि पोरांनी गूगलवरून नावं उचलली नाहीत ना? परवाना नाही, चालत नाही.

रानवाट:
बहुतेक एकाने उचललंय. आत्ता वस्तीवरच्या आजींना फोन केला. म्हणाल्या, "माळवाडी ओढ्यापल्याड, आम्ही खालच्या वस्तीचे." आणि रोज नाव बदलणारा त्यांचाच नातू निघाला.

जुनाखलाशी:
मग शिंदेवस्ती कुणाची?

रानवाट:
माझी. मीच टाकलं होतं.