व्हिएतनाम : दोघे, बारा रात्री आणि बेताचा खर्च

प्रश्न – वाटसरू

नमस्कार. येत्या मार्चमध्ये आम्ही उभयता व्हिएतनामला जाण्याचे ठरवले आहे. हानोईला उतरायचे आणि हो ची मिन्ह सिटीहून परतायचे, एवढे नक्की झाले आहे. मधल्या बारा रात्रींसाठी आतापर्यंत जमलेली यादी अशी : हानोई, सापा, हा लाँगचा उपसागर, निन्ह बिन्ह, हुए, होई आन, फू क्वोक बेट आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी. विमानभाडे वगळून दोघांचा मिळून रोजचा खर्च वीस लाख डोंगांच्या आत, म्हणजे साधारण साडेसहा हजार रुपयांच्या आसपास राहावा, अशी इच्छा आहे.

मी साठीचा आहे. पत्नीला चालण्याचा कंटाळा नाही, पण गुडघ्यांमुळे जिने चढणे तिला जड जाते. शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. तेव्हा जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही यादी बारा रात्रींत बसेल का, आणि नसेल तर काय गाळावे? हा लाँगच्या बोटीवर एक रात्र राहणे खर्चाच्या मानाने योग्य ठरते का? आणि पत्नीच्या जेवणाचे हाल तर होणार नाहीत ना?

प्रतिसाद – पायवाट

यादी बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवलीत तर तुमचा हिशेब सर्वात आधी कोलमडेल. व्हिएतनाममध्ये राहणे आणि खाणे दोन्ही स्वस्त आहे; खर्च वाढतो तो गाव बदलताना. सहा-सात लाख डोंगांत न्याहारीसह स्वच्छ दोघांची खोली मिळते, पण प्रत्येक मुक्काम हलवताना स्थानकापर्यंतची टॅक्सी, पुढचे तिकीट, खोली तयार होईपर्यंतचे चहापाणी आणि वाया गेलेला अर्धा दिवस, हे सारे त्या खोलीच्या भाड्यापलीकडे जाते. त्यामुळे काटकसर करायची असेल तर हॉटेलाचा दर्जा खाली आणू नका, ठिकाणे कमी करा.

सापा आणि फू क्वोक ही दोन्ही टोके मी निःशंकपणे गाळीन. सापाला जाऊन येण्यात दोन दिवस प्रवासातच जातात आणि तिथली खरी गंमत डोंगरउतारावरच्या भातखाचरांतून चढउतार करत हिंडण्यात आहे, जे वहिनींना त्रासाचे होईल. फू क्वोक समुद्रकिनाऱ्यावर निवांत पडून राहण्याचे ठिकाण आहे, त्यासाठी वेगळे विमान करण्याइतका वेळ तुमच्याजवळ नाही. उरलेल्या रात्री मी अशा वाटेन : हानोई दोन, निन्ह बिन्ह दोन, एक रात्र रेल्वेत, हुए दोन, होई आन तीन आणि हो ची मिन्ह सिटी दोन.

या आखणीत एक छोटी युक्ती आहे. पुष्कळ लोक निन्ह बिन्ह पाहून हानोईला परत येतात आणि तिथून हुएची गाडी पकडतात. हानोई ते हो ची मिन्ह सिटी हा 1,726 किलोमीटरचा लोहमार्ग निन्ह बिन्हवरूनच जातो आणि रात्रीच्या गाड्या तिथे थांबतात. म्हणजे सामान घेऊन थेट निन्ह बिन्हलाच गाडीत बसावे आणि सकाळी हुएला उतरावे. परतीचा हेलपाटाही वाचतो आणि एका खोलीचे भाडेही.

निन्ह बिन्हला त्रांग आनची नौकासफर चुकवू नका. आम्ही गेलो तेव्हा माणशी अडीच लाख डोंग तिकीट होते. एका होडीत चार प्रवासी बसतात, वल्हे मारायला बहुधा एखादी मध्यमवयीन बाई असते आणि अडीच-तीन तास ती न थकता वल्हवत राहते. चुनखडीचे सुळके सरळ पाण्यातून वर उठलेले असतात आणि मधूनच होडी एखाद्या गुहेत शिरते. तिथे छत इतके खाली येते की मान गुडघ्यांत घालून बसावे लागते, आणि अंधारात डोक्यावरून ठिबकणारे गार पाणी मानेवर पडते. होडीतली बैठक सखल असते, म्हणून पाय पसरता येतील अशी जागा आधीच मागून घ्या. वाटेतल्या देवळांपाशी पायऱ्या आहेत, पण तिथे उतरलेच पाहिजे असे नाही. हांग मुआच्या टेकडीला मात्र पाचशेच्या आसपास उभ्या पायऱ्या आहेत. ती वहिनींसाठी नाही.

हुए ही 1802 ते 1945 या काळातली न्युएन राजघराण्याची राजधानी. कोटाच्या आतला राजवाडा पाहायला अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण व्हिएतनाम युद्धातल्या 1968 च्या लढाईत जे उद्ध्वस्त झाले त्याच्या मोकळ्या जागाही इमारतींइतक्याच बोलक्या आहेत. शहराबाहेर सम्राटांच्या समाध्या विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येकीचे वेगळे तिकीट आहे, त्यामुळे सगळ्या पाहण्याचा अट्टहास नको. खाय दिन्हची समाधी देखणी खरी, पण ती शंभराहून अधिक पायऱ्यांवर आहे. तू डुकची समाधी तळ्याकाठच्या बागेत पसरलेली आहे, सावकाश फिरता येते. मी तीच निवडीन.

हुएहून दा नांगला जाताना बस घेऊ नका, दिवसाची रेल्वे घ्या. जेमतेम शंभर किलोमीटरला तीन तासांच्या आसपास लागतात, पण हाय वान घाटात गाडी डोंगराच्या कडेने सरकत जाते आणि खाली समुद्र दिसत राहतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, तेव्हा तिकीट काढतानाच डावीकडच्या खिडक्या मागा. होई आनला रेल्वे नाही. दा नांगहून पुढचे तीस किलोमीटर मोटारीने.

प्रतिसाद – ओंजळभर पाणी

वरच्या आखणीशी मी बव्हंशी सहमत आहे, पण त्यातून हा लाँग गुपचूप गळला आहे, ते मला पटत नाही. निन्ह बिन्हचे सुळके भातशेतीत आणि संथ पाण्यात आहेत, हा लाँगचे खुल्या समुद्रात. सोळाशेच्यावर लहानमोठी बेटे धुक्यातून एकामागून एक पुढे येतात, तो अनुभव त्रांग आनने भरून निघत नाही. मात्र बोटीवरची रात्र तुमच्या अंदाजपत्रकाचे दोन-तीन दिवस एकदम खाऊन टाकील. त्यापेक्षा हो ची मिन्ह सिटीची एक रात्र कमी करून ती हानोईला जोडा आणि हानोईहून एका दिवसात जाऊन या. द्रुतगती मार्गाने एका बाजूचे अडीच तास लागतात. दगदग होते हे खरे, पण पुन्हा तिकडे जाणे होईलच असे नाही. मार्चमध्ये उत्तरेकडे आभाळ बरेचदा मळभलेले असते आणि बारीक पाऊस असतो, म्हणून लख्ख निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. महिना मात्र तुम्ही योग्य निवडला आहे : हुए आणि होई आनचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोसळतो, तेव्हा होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचे पाणी शिरते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. होई आनला तीन रात्री आहात तर त्यातली एक सकाळ ‘मी सन’ या ठिकाणासाठी राखून ठेवा. होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चंपा या इथल्या प्राचीन राज्याची शैव देवळे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत बांधकाम चालू राहिले. शिलालेख संस्कृतात आणि चंपाच्या लोकांच्या जुन्या चाम भाषेत आहेत. विटांच्या भिंतींजवळ जाऊन सांध्यावरून बोट फिरवून पाहावेसे वाटते, कारण दोन विटांच्या मध्ये चुन्याचा थर डोळ्यांना दिसतच नाही. अर्थात हात लावू नये, नुसते वाकून पाहावे. 1969 च्या अमेरिकन बाँबफेकीत इथले सर्वात भव्य देऊळ पडले, त्याचा ढिगारा आणि बाँबचे खड्डे आजही दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाने इथल्या काही देवळांची डागडुजी केली आणि ते काम चालू असतानाच 2020 मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मातीतून वर आले.

याच चंपा राज्याच्या दक्षिणेकडच्या प्रांताचे नाव पांडुरंग होते, आजचे फान रांग. ते मी पहिल्यांदा दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात एका फलकावर वाचले आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. विठोबाशी त्याचा संबंध जोडण्याची घाई कोणी करू नये, पण इतक्या दूर, समुद्रापार, आपल्या ओठांवरचे नाव एका भूभागाला दिलेले पाहून मन भरून आले. ‘मी सन’ला सकाळी लवकर निघा; नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

प्रतिसाद – तांब्याचा बंब

मी स्वतः शाकाहारी असून व्हिएतनाममध्ये तीन आठवडे राहिले आहे, म्हणून जेवणाविषयी लिहिते. ताईंचे हाल होणार नाहीत, पण एक शब्द पाठ करावा लागेल : ‘चाय’. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी. पाटीवर तो सी, एच, ए, वाय या चार रोमन अक्षरांत लिहिलेला असतो आणि ‘कोम चाय’ म्हणजे शाकाहारी भाताचे जेवण. अशी पाटी असलेली खानावळ बौद्ध परंपरेतली असते. ताटात भात, परतलेल्या भाज्या, टोफू आणि अळिंबी येते, आणि दोघांचे पोटभर जेवण दीड लाख डोंगांच्या आत होते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ स्थानिक लोकही मांसमच्छी वर्ज्य करतात, त्यामुळे त्या दिवशी नेहमीच्या दुकानांतही असे पदार्थ मिळतात. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे ते दिवस, पंचांग पाहिले तरी कळतील.

सावध राहायचे ते साध्या दुकानात ‘मांस नको’ म्हणताना. मांस वगळतात, पण रस्सा हाडांचाच असतो आणि वर नुओक माम, म्हणजे माशांपासून केलेले आंबवलेले पाणी, घालतात. ते त्यांच्याकडे मिठासारखे वापरले जाते आणि त्यात काही गैर आहे असे वाढणाऱ्याच्या मनातही येत नाही. माझी पहिल्याच दिवशी अशी फसगत झाली. तेव्हापासून मी फोनवर त्यांच्या भाषेत एक वाक्य लिहून ठेवले, ‘मांस, मासे, अंडे, माशांचे पाणी आणि हाडांचा रस्सा चालत नाही’, आणि ते दाखवल्यावर एकाही दुकानदाराने कंटाळा केला नाही. बान्ह मी हा तिथला कुरकुरीत पाव टोफू भरूनही मिळतो. रेल्वेप्रवासासाठी तोच बांधून घ्यावा.

पैशांचे दोन शब्द. शंभर आणि पाचशेसारख्या आकड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना शून्ये मोजता मोजता चूक होते. वीस हजारांची आणि पाच लाखांची अशा दोन्ही नोटा निळसर आहेत आणि रात्री टॅक्सीत त्यांची अदलाबदल होते. वीस हजारांच्या मागे होई आनचा छत असलेला जपानी पूल आहे, तो ओळखून ठेवा आणि पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात घाला. व्हिसा ऑनलाइन मिळतो, नव्वद दिवसांपर्यंतचा, आणि एकदाच प्रवेशाचे शुल्क 25 डॉलर आहे. अर्ज फक्त तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तशी दिसणारी इतर संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पारपत्रावरचे पूर्ण नाव अक्षरशः तसेच भरा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – वाटसरू

तिघांचेही मनापासून आभार. सापा आणि फू क्वोक वगळले. हानोई तीन आणि हो ची मिन्ह सिटी एक, असा बदल करून हा लाँगची दिवसाची सहल घेतो. पांडुरंगाविषयी वाचून दाखवल्यावर पत्नीने ‘मी सन’ची सकाळ स्वतःच कागदावर लिहून ठेवली. आता फक्त रात्रीच्या रेल्वेची काळजी वाटते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो डबा सोयीचा आहे का?

प्रतिसाद – पायवाट

चार शायिकांच्या बंद कक्षाचे तिकीट काढा, सहांच्या नाही. सहांच्या कक्षात मधल्या शायिकेवर धड ताठ बसताही येत नाही. खालच्या दोन शायिका वरच्यांपेक्षा थोड्या महाग असतात, तरी दोन्ही खालच्याच घ्या आणि त्यासाठी तिकीट काही आठवडे आधी काढा, कारण त्या आधी संपतात. अंथरूण-पांघरूण घातलेले असते आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. अडचण एकच : फलाट बुटके आहेत आणि डब्याच्या पायऱ्या उंच. गाडी निन्ह बिन्हला फार वेळ थांबत नाही, म्हणून आधी तुम्ही बॅगा घेऊन चढा आणि मग वहिनींना हात द्या. दारात डब्याचा परिचारक उभा असतो. त्याला गुडघ्याकडे बोट दाखवलेत की तो खालून आधार देतो.